संध्याचा हेवा

संध्या गेल्याची बातमी तिच्या भावानं, मिलिंदनं, मला सकाळी फोनवर सांगितली. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. "मंगलताई, संध्याताई झोपेतच गेली," एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला. इतक्या आठवड्यांनी खरं लिहायचं तर त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. इथंही ही माझ्या आधी... असा तो विचार होता. विद्यापीठात पहिली ती, मुंबईला गेली ती, वर्तमानपत्रात फोटो आला तो तिचा, आणि आता कुणाला त्रास न देता झोपेत आलेलं मरणसुद्धा आधी तिच्याच वाट्याला. मग मेथी तशीच टाकून मी चपला घातल्या, आमच्या गल्लीमागच्या तिच्या घरी गेले आणि तिचा चेहरा पाहिला. त्यानंतर मला कुणीतरी हाताला धरून खुर्चीवर बसवलं एवढंच आठवतं.

संध्या साळवे हे नाव या शहरात फार जणांना ठाऊक नसेल. ती एका कॅन्सर हॉस्पिटलात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होती. ज्या यंत्रांनी रुग्णांना किरणांचे उपचार देतात, त्या किरणांची बाकी कुणाला इजा होऊ नये हे पाहणं तिचं काम. पण त्याच्या पलीकडचं एक काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. उद्या कुणी या शहरात किरणोत्सारी पदार्थ घालून स्फोट केला, किंवा कुठं दूर अणुबॉम्ब पडून त्याची धूळ वाऱ्याबरोबर इकडं आली, तर फायर ब्रिगेडच्या जवानानं, नर्सनं, पोलिसानं आणि घरातल्या माणसांनी काय करायचं, ते ती शिकवत फिरायची. शाळांत, पोलीस चौक्यांत, महिला मंडळांत, जिथं बोलावतील तिथं. बोलावलं नाही तर स्वतः विचारून जायची. अंत्ययात्रेत माझ्या मागं चालणारे दोघं हळू आवाजात म्हणत होते की त्या किरणांनीच शेवटी हिचा घास घेतला. मी मागं वळून त्यांना सांगितलं की ती हृदयविकारानं गेली, तो तिच्या वडिलांनाही होता, आणि ती छातीला जो बिल्ला लावायची त्यावरची किरणांची नोंद नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मर्यादेच्या कितीतरी खाली राहिली. ते दोन पावलं मागं राहिले. गेल्यावरही तिची बाजू मलाच मांडावी लागतेय, या विचारानं मला तिचा राग आला. नंतर लक्षात आलं की ती असती तर राग न येता तिनं हेच सांगितलं असतं, आणि वर त्यांना पुढच्या वर्गाला यायचं आमंत्रणही दिलं असतं.

आमची ओळख विद्यापीठातली. एम.एस्सी. फिजिक्सच्या वर्गात मुली मोजक्या, त्यात आम्ही दोघी एका बाकावर. मी पैठणकडच्या एका खेड्यातली. धरणाच्या कालव्याखाली आमची पुष्कळ जमीन, उसाचे मळे, घरात माणसांचा राबता. ती उस्मानपुऱ्यातली, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. साळवेकाका दुपारच्या सुट्टीत सायकलवर तिचा डबा घेऊन यायचे, तेही तेलकट हातांनी, आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून तिला विचारायचे, "आज काय शिकवलं?" ती सांगायची. त्यांना त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण ते मान हलवत ऐकायचे, मध्येच एखादा प्रश्न विचारायचे. तो प्रश्न कधीकधी इतका नेमका असायचा की आम्ही दोघी सरांकडं जायचो. माझ्या वडिलांनी मला कधीच विचारलं नाही की आज काय शिकवलं. ते फी भरायचे, जीपमधून सोडायला यायचे, दिवाळीला दागिना करायचे. मला काही कमी नव्हतं. तरी माझी नजर त्या पायरीवरच्या डब्याकडं जायची. संध्याचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो तिच्या मार्कांचा नव्हे, तिच्या बापाचा.

एकदा ती माझ्याबरोबर गावाकडं आली होती. आईनं तिचं अगत्यानं केलं, जरा जास्तच अगत्यानं. मग चहा आला. आम्हा सगळ्यांना कपबशीत, आणि तिला खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या पेल्यात. तो पेला तिथं कुणासाठी असतो ते मला माहीत होतं. तिलाही कळलं. तिनं चहा घेतला, अंगणातल्या नळावर पेला स्वतः विसळला आणि होता तिथं पालथा ठेवून दिला. परतीच्या एसटीत ती मला किरणोत्सारी पदार्थांचं अर्धायुष्य समजावत होती, कारण परीक्षा जवळ होती आणि माझं ते प्रकरण कच्चं होतं. मी खिडकीबाहेर बघत हं हं करत राहिले. त्या दिवसाचा हेवा वाटावा असं त्यात काही नव्हतं. पण त्या दिवशीही ती माझ्यापेक्षा शांत होती, आणि त्या शांतपणाचा मला हेवा वाटला. ती पुन्हा कधी आमच्या गावी आली नाही, आणि तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मुंबईला किरणोत्सर्ग सुरक्षेचा एक वर्षाचा कोर्स होता. आम्ही दोघींनी अर्ज केला आणि दोघींची निवड झाली. ती बातमी घेऊन मी गावी गेले तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुंबईला पोरीला एकटं धाडायचं नाय. इथंच कॉलेजात शिकव, लई झालं." त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. चढला असता तर मी कदाचित भांडले असते. साळवेकाका मात्र रजा काढून तिच्याबरोबर गेले, तिला हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत एका नातेवाइकाकडं जमिनीवर झोपले, आणि परत आल्यावर मला बसस्टॉपवर भेटले तेव्हा म्हणाले की तुझी जागा रिकामी राहिली बघ बेटा, ती वाट बघत होती. पुढं माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, शहरातल्याच कॉलेजात नोकरी मिळाली, मुलगी झाली. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण किती वर्षं मी वर्गात अणुकेंद्रक शिकवायला उभी राहिले की फळ्यावर आकृती काढताना वाटायचं, हे प्रत्यक्ष हाताळणारी तिकडं दुसरीच आहे.

ती नोकरीसाठी परत याच शहरात येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. लग्न केलं नाही, भावाच्या कुटुंबाबरोबर उस्मानपुऱ्यातच राहिली, आणि आम्ही पुन्हा जवळजवळ शेजारी झालो. रविवारी भाजी आणायला बरोबर जायचो. ती माझ्या मुलीला सायकल शिकवायची. आमच्या यजमानांना ती आपल्या बहिणीसारखी वाटायची, आणि जेवताना ते सहज म्हणायचे, "संध्याताईंचं ऐकलंस का, काय छान समजावतात!" मी फिजिक्सची प्राध्यापक, पण आमच्या घरातसुद्धा फिजिक्स समजावणारी ती.

माझ्या कॉलेजातच तिचं एकदा व्याख्यान झालं. प्राचार्यांनी परिचय करून द्यायला मला सांगितलं. एरवी माझ्या तासाला मागच्या बाकांवर डोकी टेकलेली असतात, त्या दिवशी मुलं खिडक्यांत बसली होती. तिनं किरणं मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. ते तिनं नुसतं टेबलावर ठेवलं आणि त्याची टिकटिक सगळ्यांना ऐकू दिली. म्हणाली की ही जमिनीतली, भिंतीतली आणि आपल्याच शरीरातली किरणं आहेत, आपण यांच्यात जन्मलो. घाबरायचं कधी ते कळण्यासाठी आधी न घाबरायचं कधी ते कळलं पाहिजे. एका मुलानं उभं राहून विचारलं, "मॅडम, अणुबॉम्ब पडल्यावर वाचणार कोण? मग हे सगळं शिकून काय उपयोग?" सभागृह हसलं. ती हसली नाही. तिनं त्याला सांगितलं, "जिथं पडेल तिथलं आपल्या हातात नाही. पण त्याच्या भोवती लाखो माणसं अशी असतात, ज्यांना स्फोटानं काहीच झालेलं नसतं. ती त्या दिवशी काय करतात यावर ती जगतात की नाही ते ठरतं. मी त्या माणसांसाठी बोलते." मग तिनं पक्क्या घरात आत जाण्याचं, मधल्या खोलीत बसण्याचं, बाहेरून आलेल्या माणसानं वरचे कपडे दारातच उतरवून पिशवीत बांधण्याचं आणि अंग धुण्याचं सांगितलं. नुसते कपडे उतरवले तरी अंगावरची बहुतेक धूळ जाते, आणि ती धूळ पहिल्या दिवशी सगळ्यांत घातक असते, मग झपाट्यानं तिची ताकद उतरत जाते. म्हणून पळायचं नाही, आत थांबायचं. ही धूळ का उतरत जाते ते अर्धायुष्याचं गणित मात्र तिनं मला पुढं बोलावून फळ्यावर मांडायला लावलं. म्हणाली, "हे मंगल माझ्यापेक्षा चांगलं शिकवते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या तिनंच मिळवून दिल्यासारख्या वाटल्या आणि दिवसभर तोंड कडू राहिलं.

नंतर ते सीमेवरच्या तणावाचे दिवस आले. शहरात भोंग्यांची चाचणी झाली, शाळांमध्ये मुलांना बाकाखाली बसवून पाहिलं, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर दिवसरात्र काहीबाही येऊ लागलं. त्यातच एका दुपारी एक व्हिडिओ फिरला. शहराबाहेरच्या भंगाराच्या एका दुकानात लोखंडी डब्यासारखी एक जड वस्तू पडली होती, आणि तिच्यावर पिवळ्या पत्र्यावर तीन काळ्या पाकळ्यांची खूण होती. तासाभरात शत्रूनं बॉम्ब ठेवल्याची बातमी झाली. आमच्या इमारतीत धावपळ सुरू झाली. कुणी खुलताबादच्या डोंगराकडं निघालं, कुणी गावाकडं. आमचे हेही गाडीची चावी शोधत होते, पैठणला मळ्यात जाऊ म्हणत होते. माझी मुलगी बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडिन घेऊन आले होते. आयोडिन घेतलं की किरणं लागत नाहीत असं त्यांना कुणीतरी कळवलं होतं, आणि ते आपल्या म्हाताऱ्या आईसाठी ते दुधात कालवत होते. मी त्यांच्या हातातून वाटी घेतली. ते जखमेला लावायचं असतं, पोटात गेलं तर विष आहे, हे मला कुठून माहीत होतं? तिच्याच व्याख्यानातून. जिन्यात जमलेले सगळे माझ्याकडं बघत होते, कारण इमारतीत फिजिक्सवाली मीच. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळे विचारत होते, आणि मी संध्याला फोन लावला.

तिनं लगेच उचलला. मागं सायरन वाजत होता. "मंगल, कुणाला बाहेर पडू देऊ नको. गाड्यांची गर्दी झाली तर त्यातच माणसं मरतील. मी तिकडंच निघालेय. कळलं की सांगते." एवढंच. मी विचारणार होते की तुला भीती नाही वाटत का, पण तोवर फोन बंद झाला होता. मी जिन्यात उभी राहून तिचेच शब्द माझे म्हणून सांगितले. यजमानांच्या हातातून चावी घेतली, खालचं दार लावून घेतलं, सगळ्यांना आपापल्या घरी मधल्या खोलीत बसवलं. लोकांनी ऐकलं. नंतर कळलं की नगर नाक्यावर गाड्या इतक्या अडकल्या होत्या की एक रुग्णवाहिका तासभर जागची हलली नव्हती. माझी मुलगी त्या गर्दीत नव्हती याचं समाधान मला आजही वाटतं. त्या समाधानातही ती आहेच... तिला वगळून ते मला घेता येत नाही.

भंगाराच्या दुकानात काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि ते न पाहिल्याचाही मला सल आहे. फायर ब्रिगेडचे जाधव म्हणून एक जवान आहेत, त्यांनी नंतर सांगितलं. ती वस्तू म्हणजे कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं टाकीची पातळी मोजायचं उपकरण होतं. शिशाच्या जाड कवचात किरणोत्सारी तुकडा असतो आणि त्याला किरणं सोडायची-अडवायची झडप असते. दुकानातला सलीमभाई नावाचा कामगार ते फोडायला हातोडा घेऊन बसला होता, दोन घाव घालून झाले होते. जाधव म्हणाले, "मॅडम आल्या, आन् आमाला म्हणल्या मागं सरा. आम्ही म्हणलं तुम्ही बी सरा. त्या म्हणल्या, मला किती वेळ थांबायचं ते ठाऊक हाय, तुमाला नाय." तिनं मोजायचं यंत्र पुढं धरून लांबूनच आकडे बघितले, जवळ जाऊन झडप बंद असल्याची आणि कवच शाबूत असल्याची खात्री केली, आणि झटक्यात परत आली. दोरी किती अंतरावर बांधायची ते दाखवलं. मुंबईहून तज्ज्ञांची गाडी येऊन ते उपकरण घेऊन जाईपर्यंत ती दोरीच्या बाहेर रस्त्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिली. जाधव सांगत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याचा चेहरा माझ्याबद्दल बोलताना असा झाला असेल का, असं मला वाटत होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. सलीमभाईला हॉस्पिटलात ठेवून रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्याला काही झालं नव्हतं. तो घरी गेला. काही दिवसांनी संध्या माझ्याकडं आली आणि चल म्हणाली. कुठं ते सांगितलं नाही. भंगाराच्या दुकानामागच्या वस्तीत त्याचं घर होतं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. त्याची बायको दारातच रडू लागली. शेजारच्या बायका तिला नळावर भांडं लावू देत नव्हत्या. किराणा दुकानदार सामान लांबूनच ठेवायचा. सलीमभाई आत खाटेवर बसून होता, आम्हाला बघून उठलाही नाही. "मॅडम, आप दूर ही रहो," तो म्हणाला, "मेरे में किरणें घुसे हैं बोलते लोगां." संध्या सरळ आत गेली आणि त्याच्या शेजारी खाटेवर बसली. त्याच्या बायकोला म्हणाली, "भाभी, चाय रखो. दो कप." नळावरच्या बायका दाराशी जमल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमाला भ्या वाटतंय. लेकरंबाळं हायेत आमची." संध्या तिच्याशी तिच्याच बोलीत बोलू लागली. म्हणाली की भ्या वाटतं त्यात काय चूक नाय. धूळ अंगावर बसली असती तर तुमचं खरं होतं, ती धुवावी लागली असती. पण त्या डब्यातलं काही बाहेर सांडलंच नाही. आणि मग ती थांबून म्हणाली, "किरणं अंगातून जातात, मावशी, अंगाला चिकटत नाहीत. हा विटाळ नाही."

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. वर्षानुवर्षांच्या मैत्रीत एकदाही न उच्चारलेला शब्द. चहा आला. कान तुटलेल्या दोन कपांत. तिनं आपला कप हातात घेतला पण ओठाला लावला नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. नुसती थांबली. मला फिजिक्स येत होतं. त्या कपात काही नाही हे मला तिच्याइतकंच पक्कं माहीत होतं. तरी माझा हात पुढं व्हायला एक क्षण गेला, आणि तो क्षण किरणांचा होता की त्या घराचा की आमच्या गावाकडच्या खिडकीतल्या पेल्याचा, हे मी आजही सांगू शकत नाही. मी कप उचलला, प्यायले. मग ती प्यायली. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी सलीमभाईच्या बायकोला म्हणाली की तुझी घागर आण, पाणी जाईल. परत येताना रिक्षात संध्या डोळे मिटून बसली होती. मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. झडप तपासायला जाणं हे शिकून येतं. हे कुठून येतं?

त्या प्रकरणानंतर तिचा छोटासा सत्कार झाला. फोटो वर्तमानपत्रात आला. मी तिच्या शेजारीच उभी होते, पण छापताना फोटो कापला होता आणि माझा अर्धा खांदा तेवढा उरला होता. तिला तो खांदा दिसला. फोन करून म्हणाली, "ह्यात तू आहेस बघ." मला ते बोचलं. ती थट्टा करत नव्हती हे कळत असूनही बोचलं.

शेवटची भेट उस्मानपुऱ्याच्या बाजारात. ती जरा दमलेली दिसत होती, हातातली पिशवी खाली ठेवून श्वास घेत होती. मी डॉक्टरांना दाखव म्हणाले. दाखवलंय, वडिलांचंच आहे, गोळ्या चालू आहेत म्हणाली. मग म्हणाली की पुढच्या नर्सेसच्या वर्गाला तू ये, पहिला तास तू घे. मी बघते म्हणाले. तेव्हा मला वाटलं होतं की ही मला अर्धा खांदा देतेय. तो वर्ग ती गेल्यावर झाला. तिच्या वर्गांची जुळवाजुळव आता जाधव बघत होते, त्यांचा फोन आला आणि मी गेले. शिकवलंही चांगलं, हे मला कळतं. शेवटी एका तरुण नर्सनं हात वर करून विचारलं, "त्या नेहमीच्या मॅडम नाय आल्या का?" जाधवांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. मी फळा पुसत राहिले.

परवा मिलिंदच्या मुलीनं, प्रज्ञानं, मला घरी बोलावलं. आत्याची खोली आवरायची आहे, तुम्ही या म्हणाली. खोलीत फारसं काही नव्हतं. मग ती म्हणाली, "ही पण बघा," आणि स्वयंपाकघराच्या मागची बिनखिडकीची लहान खोली उघडली. मला वाटायचं तिथं अडगळ असेल. तिथं पाण्याचे कॅन होते, सेलवर चालणारा रेडिओ, बिस्किटं, चिकटपट्टीची रिळं, साबण, आणि फळीवर धुवून घड्या घातलेले कपडे. बाहेरून धुळीत आलेल्या माणसाला बदलायला. जगाला सांगायची ते तिनं आपल्या घरात आधी केलं होतं. मिलिंदचा सदरा, वहिनीची साडी, प्रज्ञाचा ड्रेस. साळव्यांच्या घरात सगळी माणसं लहानखोर चणीची आहेत. सगळ्यांत खाली एक मोठा गाऊन होता, निळ्या फुलांचा, न वापरलेला. मी तो उलगडला. त्या घरातली दोन माणसं त्यात मावली असती.

"हा कुणाचा गं?" मी विचारलं.

प्रज्ञा जराशी संकोचली. "तुमचा, मावशी. आत्या म्हणायची, मंगल सगळ्यांना घरात बसा म्हणून सांगेल, आणि स्वतः घाबरली की तेवढ्या धुळीतून इकडंच पळत येईल. आणि तिला आपल्या कुणाचे कपडे होणार नाहीत."

मला हसू आलं. त्या दिवशी मी जिन्यात कशी उभी राहिले, सगळ्यांना कसं थांबवलं, ते तिनं पुरतं ऐकून घेतलं होतं, शाबासही म्हणाली होती. तरी तिनं गाऊन ठेवलाच. माझ्याबद्दल माझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक... हेही तिचंच खरं निघावं, याचा मला त्या बिनखिडकीच्या खोलीत पुन्हा एकदा सपाटून हेवा वाटला. प्रज्ञा म्हणाली, घरी घेऊन जा मावशी, आठवण म्हणून. मी गाऊन अंगाला लावून पाहिला. बाह्या बरोबर होत्या, उंचीही. मग त्याची पुन्हा घडी घातली आणि मिलिंदच्या सदऱ्याखाली, होता तिथं ठेवला.

"नको," मी म्हणाले. "इथंच राहू दे. मला लागेल."